अण्णांची उघडी खोली

अण्णांनी आपल्यामागे दार लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नेवाशाच्या आमच्या दवाखान्यात संगणकाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. मी त्यांच्या हाताखाली नवीन लागले, तेव्हा सर्व्हरची खोली सताड उघडी आणि अण्णा बाहेर चहाला. मी घाबरून दार ओढून घेतलं, तर परत येऊन म्हणाले, "ताई, दार लावलं की मला कोंडल्यावानी हुतं." शनिशिंगणापूरचा माणूस. सारा जन्म नुसत्या चौकटीच्या घरात गेलेला.

पासवर्डचीही तीच तऱ्हा. सर्व्हरवर समोरच 'पासवर्ड' नावाची फाईल, आणि तिच्यात दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांचे मुख्य पासवर्ड, कुणालाही वाचता येतील असे. अण्णा सुट्टीवर असताना सिस्टरांचा फोन आला की ते सांगायचे, "फाईल उघडा अन् बघा. मानूस अडला न्हाई पाहिजे." हे त्यांचं पालुपद. मी हटकलं की हसायचे. "आमच्या घराला दार न्हाई, ताई. आजवर चमचा गेला न्हाई." मी कपाळाला हात लावायची.

एका सकाळी हिशेबाच्या टेबलावर कुणीतरी मेलवर आलेलं खोटं बिल उघडलं. त्या एका संगणकातून चोर आत शिरला. ती फाईल सगळ्यांना दिसायची, तशी त्यालाही दिसली. मग काय, किल्ल्यांचा सगळा जुडगाच हाती लागला. दुपारपर्यंत रुग्णांच्या साऱ्या नोंदी त्याने कुलूपबंद केल्या, जपून ठेवलेल्या नकलासुद्धा.

बाहेर पाथर्डीची कौसाबाई बसली होती, ऊसतोडीहून परतलेली, तापाने फणफणलेली. मागच्या खेपेला एका इंजेक्शनने ती मरता मरता वाचली होती. कोणतं इंजेक्शन, ते फक्त आमच्या नोंदीत. डॉक्टर सुई हातात घेऊन थांबले. "हितंच लिवलंय न्हवं माजं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. अण्णा तिच्यासमोर उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी तिला गाडीत घालून नगरला नेलं. ती वाचली, पण थोडक्यात.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, "गावात दार न्हाई, पन गल्लीत मानसं असत्यात, ताई. कोन आलं, कोन गेलं, समद्यांना दिसतं. हितं येनारा दिसलाच न्हाई. मीच मानूस अडवला." ती फाईल त्यांनी स्वतः पुसली. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड दिला, पुढे नव्याने भरलेल्या नोंदींची एक नक्कल सर्व्हरपासून तोडून कपाटात ठेवली. खोलीतून बाहेर पडताना दार ओढायचे आणि परत एकदा ढकलून बघायचे. मला ते बघून वाईट वाटायचं.

निवृत्तीनंतर फार जगले नाहीत. ते गेल्यावर मी घरच्यांना भेटायला गेले, तर चौकटीला नेहमीचा पडदा होता. आत मुलगा अण्णांचा मोबाईल घेऊन बसलेला. वडिलांचे फोटो, आवाज, सगळं त्यात, आणि तो काही उघडेना. कुणी म्हणालं, पासवर्ड कुठंतरी लिहून ठेवला असेल, कपाट बघा. अण्णांच्या बायकोला, काकूंना, कुणी विचारलंच नव्हतं. त्या स्वयंपाकघरातून आल्या, पदराला हात पुसले आणि मोबाईल उघडून मुलाच्या हातात दिला.

"लिवायचं न्हाई, म्हनले हुते," काकू म्हणाल्या. "माज्याकडनं पाठ करून घेतलं. म्हनले, माज्या मागं तुजं अडायला नगं."