मरियामातेच्या दंडावरचे पट्टे

धनराज आडे सरांना शाळेत कुणी खरा मास्तर समजत नसे, आणि हे सांगायला सर स्वतःच कधी लाजले नाहीत. गणिताचा मास्तर तो मास्तर. इंग्रजीचा असेल तर मग विचारायलाच नको. चित्रकलेचा म्हणजे गॅदरिंगचा पडदा रंगवणारा, फळ्यावर सुविचार लिहिणारा आणि कुणी रजेवर गेलं की त्याच्या वर्गावर जाऊन बसणारा. मानोऱ्याच्या अलीकडच्या त्या मिशनच्या शाळेत सरांनी अशी सत्तावीस वर्षं काढली होती. पाचवी ते आठवी, आठवड्याला प्रत्येकी दोन तास. या आठ तासांवर सर जगत होते म्हटलं तरी चालेल, कारण घरी त्यांचं बोलणं कुणी फारसं ऐकत नसे.

सर काही ख्रिस्ती नव्हते. जवळच्याच तांड्यावर जन्मले, या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकले आणि अमरावतीला चित्रकलेचा कोर्स करून परत इथंच चिकटले. त्यांना चिकटवलं ते म्हाताऱ्या फादर सिल्वेस्टरांनी. या फादरांचं डोकं जरा वेगळं होतं. ते म्हणत, येशू सुताराच्या घरी वाढला, म्हणजे पुस्तकाआधी त्याच्या हातात रंधा आला असणार, मग आमच्या शाळेत पोरांचे हात रिकामे का ठेवायचे? आणि दुसरं एक म्हणत, ते सरांना तोंडपाठ झालं होतं. शेजाऱ्यावर प्रेम करा असं आपण पोरांना रोज सांगतो, पण ज्यानं शेजाऱ्याकडे कधी नीट बघितलंच नाही, तो त्याच्यावर प्रेम कसलं करणार? चित्रकलेचा तास बघायला शिकण्यासाठी आहे, धर्मशिक्षणाचा निम्मा भाग आडे सरांकडे आहे. हे ते भर मीटिंगमध्ये बोलत. बाकीचे मास्तर तेव्हा खिडकीबाहेर बघत.

फादर सिल्वेस्टर गेले, त्यांच्या जागी फादर नेल्सन आले. नेल्सन वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळं खापर त्याच्यावर फोडून आपण मोकळे होऊ. त्याच्यापुढे पालक उभे होते. पालकांना कॉम्प्युटर हवा होता, फाडफाड इंग्रजी हवं होतं, आणि पलीकडे मालेगावपासून पिवळ्या बसगाड्या पाठवणाऱ्या नव्या शाळा पोरं ओढून नेत होत्या. नेल्सननं वेळापत्रक पुढ्यात घेतलं तेव्हा कुठला तास जायचा हे कुणालाही सांगता आलं असतं. सरांनी जाऊन हात जोडले. फादर म्हणाले, फेब्रुवारीत शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, बिशप येणार आहेत, चॅपलच्या व्हरांड्याची मोठी भिंत मोकळी आहे. त्यावर पोरांकडून काहीतरी चांगलं करून घ्या. लोकांना आवडलं तर तुमच्या तासासाठी मला बोलायला तोंड राहील.

सर त्या दिवशी सायकल हातात धरूनच घरी चालत गेले. बसायचं भानच राहिलं नाही.

विषय ठरला क्रूसाचा. आठवीच्या पोरांनी भिंत वाटून घेतली. सरांचा नियम जुनाच होता. कॅलेंडरवरचं काही उतरवायचं नाही, जे डोळ्यांनी पाहिलं तेच काढायचं. त्यामुळे रोमन शिपायांच्या हातात पोलिसांच्या काठ्या आल्या, टेकडीवर पळसाची झाडं आली, आणि येशूचे पाय ऊस तोडून आलेल्या माणसासारखे भेगाळलेले झाले.

क्रूसाखालची मरियामाता सपना पवारकडे होती. सपना मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची, वसतिगृहात राहणारी, बोलायला बुजरी पोर. दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला जाताना ट्रॉली उलटून तिचा बाप गेला होता. आई सोनीबाई अजूनही दिवाळीनंतर टोळीबरोबर जायची आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायची. सपनानं चित्राला हात लावायच्या आधी सरांना मरियेबद्दल एकच गोष्ट विचारली.

"सर, याईच्या घरचा माणूस कुठी हाय? तो योसेफ?"

सरांनी सांगितलं, तो आधीच वारला असं मानतात. पोरगी मान हलवून कामाला लागली.

चार दिवसांनी मरियामाता उभी राहिली. तांड्यावरचा घेरदार घागरा, फेटिया, नेसलेली, डोक्यावरून ओढणी, दोन्ही हात वर लेकाच्या पायांकडे नेलेले. ओढणी मागे सरकून दंड उघडे पडलेले. हात उन्हानं काळवंडलेले, आणि कोपराच्या वर, दोन्ही दंडांवर, फिकट रंगाचे रुंद पट्टे.

ज्यांना तांड्याची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आमच्याकडे बंजाऱ्यांची लग्न झालेली बाई दंडात पांढऱ्या बांगड्यांची चळत घालते, तिला चुडो म्हणतात. आता नव्या सुना साड्या नेसतात, चुडो घालत नाहीत, पण सोनीबाईनं सासूच्या हट्टापायी पंधरा वर्षं घातला होता. नवरा मेला की तो उतरवतात. पंधरा वर्षं ऊन न लागलेली कातडी मग उघडी पडते आणि ते पट्टे लवकर जात नाहीत. तांड्यावरचं शेंबडं पोरसुद्धा ते पट्टे बघून समजतं, हिचा माणूस गेला.

"चुडो काढल्यावर हात असाच दिसते," सपना म्हणाली. "मायचा पायला म्या."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं. सत्तावीस वर्षांत त्यांना जे शिकवायचं होतं ते या पोरीनं एका भिंतीवर करून दाखवलं होतं. फादर सिल्वेस्टर असते तर या दोन पट्ट्यांसमोर गुडघे टेकून बसले असते, असं सरांना वाटलं. तसं त्यांनी त्या रात्री बायकोला सांगितलंही, आणि बायको म्हणाली, आधी जेवून घ्या.

महोत्सवाच्या आठ दिवस आधी समितीची माणसं पाहणीला आली. दोघं शहरातले, एक सिस्टर. पाय आवडले, पळस आवडला. मग त्यातल्या एका गृहस्थांनी मरियेच्या दंडाकडे बोट दाखवून हळूच विचारलं, मातेला कोड का दाखवलंय? सिस्टरनं क्रूसाची खूण केली. फादर नेल्सनचा चेहरा उतरला.

सर सांगायला लागले, की हे कोड नाही, हे चुडोचे... फादरांनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, चांगल्या शब्दांत सांगितलं, "सर, बिशपांच्या शेजारी उभं राहून तुम्ही प्रत्येकाला समजावणार आहात का? तेवढे डाग झाका. हवं तर काही दागिने घाला, सणाचा दिवस आहे. तासाचं मी बघतो."

इथंच सरांनी तोंड उघडायला हवं होतं. ते गप्प बसले. तासाचं मी बघतो, एवढंच त्यांच्या कानात राहिलं.

रविवारी दुपारी चॅपलमधली प्रार्थना, मिस्सा, संपून सगळे पांगल्यावर सर ब्रश घेऊन भिंतीपुढे उभे राहिले. आधी त्यांनी पट्ट्यांवर तपकिरी रंग देऊन पाहिला. तो काही केल्या बाकीच्या हाताशी मिळेना, ठिगळ लावल्यासारखा दिसू लागला. मग त्यांना सोपी वाट दिसली, आणि ती त्यांच्यासारख्या तांड्यावरच्या माणसालाच दिसू शकत होती. गेटला लावून उरलेला पांढरा ऑइल पेंट स्टोअरमध्ये होता. पट्टे होते बरोबर तेवढ्याच जागेत त्यांनी एकाखाली एक पांढऱ्या बांगड्या काढल्या, दोन्ही दंडांवर. हात सराईत होता, अर्ध्या तासात काम झालं. आपण काय काढतोय हे त्यांना प्रत्येक रेघेला माहीत होतं. क्रूसाखाली उभ्या असलेल्या विधवेला त्यांनी सवाष्ण करून टाकलं होतं.

सोमवारी सपना व्हरांड्यातून गेली. उभी राहिली, बघितलं, आणि वर्गात जाऊन बसली. सरांनी मनात तीन-चार उत्तरं जुळवून ठेवली होती, ती तशीच राहिली.

महोत्सव दणक्यात झाला. चित्राची वाहवा झाली. बांगड्यांचं तर विशेष कौतुक झालं. बंजारा संस्कृतीचं किती सुंदर दर्शन, असं पाहुण्यांनी माईकवर सांगितलं, फोटो छापून आला. सरांना शाल मिळाली. मार्चमध्ये नव्या वर्षाचं वेळापत्रक लागलं, त्यात चित्रकलेचे आठही तास नव्हते. फादर नेल्सन खरंच ओशाळले होते. म्हणाले, मी बोललो सर, पण वर सगळ्यांचं म्हणणं पडलं की एवढी सुंदर सजावट वर्षातून एकदा कार्यक्रमाआधी करून घेता येते, त्याला रोजचा तास कशाला? सरांनी स्वतःच आपल्या हातानं तेच सिद्ध करून दिलं होतं. त्यांना ग्रंथालयाच्या किल्ल्या मिळाल्या.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सोनीबाई लेकीला न्यायला आली. टोळी आदल्या दिवशीच परतली होती, तिच्या हाताच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. सपनानं जानेवारीतच तिला फोनवर सांगून ठेवलं होतं, की चॅपलच्या भिंतीवर देवाची माय आहे आणि ती तुझ्यासारखी आहे. पुढं काय झालं ते पोरीनं सांगितलंच नव्हतं. सर ग्रंथालयाच्या दारातून बघत होते. त्यांना पळून जावंसं वाटलं, पण सोनीबाईनं त्यांना पाहिलं होतं आणि रामराम घातला होता, म्हणून ते जवळ आले.

सोनीबाई चप्पल काढून भिंतीपुढे उभी राहिली. मरियेच्या पायाला हात लावावा म्हणून तिनं हात पुढं केला. मग तिची नजर दंडावर गेली. तिनं हात मागे घेतला आणि स्वतःच्या दंडावरून पदर ओढला. विधवेनं सवाष्णीला शुभ जागी शिवू नये, एवढं तिला कुणी सांगायला नको होतं.

"हिचा तं घरवाला जित्ता हाय, सर," ती म्हणाली. रागानं नाही, चुकून दुसऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर माणूस बोलतो तसं.

सरांनी खिशातली पेन्सिल सोलायची पत्ती काढली आणि भिंतीपाशी जाऊन दंडावरची सगळ्यात वरची बांगडी खरवडायला लागले. पांढऱ्याबरोबर खालचा तपकिरी निघाला, तपकिरीबरोबर सपनानं काढलेला पट्टा निघाला, आणि खालून प्लास्टरचा करडा चुरा पडू लागला.

सपनानं आईची पिशवी उचलली होती. ती दोन पावलं परत आली.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "तुमीच शिकवलं ना, ऑइल पेंट निंगत नाई."