माझ्या वाटणीचा राग

सबंध कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्याइतका रागीट माणूस झाला नाही आणि होणारही नाही. हे आज मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माइकसमोर आलेल्या प्रत्येकाने "फार शांत माणूस होता" असंच सांगितलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं मान डोलवत होती, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या जळत होत्या, आणि हार घातलेल्या फोटोत तो स्वतःसुद्धा शांतच दिसत होता. मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठून "हे खोटं आहे" म्हणावं असं फार वाटलं. पण चारचौघांत उठून बोलणं माझ्याच्यानं जन्मात झालेलं नाही. माझ्या वाटणीचं ते काम तोच करायचा.

आम्ही दोघं एका सरकारी कचेरीत बरोबरीने चिकटलो. तो नकाशे काढायचा, मी आस्थापना शाखेत कागद सरकवायचो. त्याचं गाव शाहूवाडीकडचं, भातशेतीचं, घर बौद्ध. त्याला राग यायचा, असं म्हणणं अपुरं आहे. लोक म्हैस पाळतात तसा तो राग पाळायचा. सकाळी उठल्यावर त्याला वैरण-पाणी करायचा, दोन वेळा धार काढायचा, आणि गंमत म्हणजे दूध सगळं दुसऱ्यांना वाटून टाकायचा. स्वतःसाठी रागावलेला मी त्याला पाहिला नाही. आपल्या ताटातला खडा तो गुपचूप बाजूला ठेवून जेवायचा; शेजारच्याच्या ताटात खडा निघाला की मात्र खानावळवाल्याची धडगत नसे.

एकदा आम्ही दोघं मिसळ खायला गेलो होतो. मी कट मागितला, तर पोऱ्याने माझ्या वाटीत निव्वळ लाल पाणी ओतलं. मी ते मुकाट्याने पावाला लावून खात होतो. याने माझी वाटी उचलली, थेट गल्ल्यावर नेऊन ठेवली आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाला, "मालक, माझ्यासाठी बोलत न्हाय मी. माझी वाटी चांगली हाय. पण हा माणूस लई गरीब हाय. ह्याला गरम पाणी दिलंसा तरी हा मिसळ म्हणून खाऊन, वर ढेकर देऊन जाईल. अशा माणसाला फसवून कुठं फेडणार?" मालक हसला, दाट कटाची अख्खी किटली टेबलावर आली. मी लाजेने अर्धमेला झालो, पण कट मात्र दोनदा घेतला.

बसचंही तसंच. आमच्या थांब्यावर बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या बायका बुट्ट्या घेऊन उभ्या असत, आणि ड्रायव्हर बस पुढे नेऊन उभी करायचा, म्हणजे ज्याला धावता येईल तोच चढेल. एका सकाळी हा छत्री आडवी धरून बसच्या पुढ्यात उभा राहिला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ पावणं, बाजूला व्हा, टाइम झालाय!"

"टाइम तुझा हाय, पाय तिचं हायती. आज्जी चढल्याबिगार चाक फिरायचं न्हाय."

"तुमची आज्जी काय?"

"माझी आसती तर तिला सायकलवर नेली आसती. तुझीच आसल, बघ खाली उतरून!"

बसमधले लोक हसले, ड्रायव्हरही हसला, आणि पुढे बरेच दिवस ती बस थांब्यावर शहाण्यासारखी थांबत होती. आत चढलेली एक म्हातारी मात्र याच्यावरच डाफरली, "एवढ्या मोठ्यांदा बोलतंय व्हय रं कुणी? दचकलं की मी!" त्यावर त्याने कान पकडले. म्हाताऱ्या बायकांपुढे त्याचं काही चालत नसे.

फुटबॉल पाहायला मी त्याच्याबरोबर जाणं पुढे बंद केलं. कोल्हापुरात पेठेच्या टीमवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. अशा ठिकाणी हा आमच्याच टीमच्या पाठीराख्यांत बसून, आमच्याच टीमने केलेल्या गोलावर, "न्हाय! हातानं मारलाय! गोल न्हाय!" म्हणून ओरडत उभा राहिला. चार पोरं अंगावर धावून आली. तो त्यांना हाताने चेंडू कसा लागला ते करून दाखवत होता. मी तेव्हा दोन पायऱ्या खाली सरकून, आपला याच्याशी काही संबंध नाही अशा बेताने शेंगा सोलत बसलो. त्याने ते पाहिलं असणार. परतताना म्हणाला, "मर्दा, तुझ्या अंगात रगात हाय का काकवी?" आणि माझ्याच खिशातल्या उरलेल्या शेंगा मागून घेतल्या.

माझी काकवी होती हे खरंच. शांत, मितभाषी, सगळ्यांशी गोड, अशी माझी ख्याती. आईवडिलांनी राग म्हणजे विस्तव म्हणून शिकवलं, आणि मी जन्मभर तो दुसऱ्याच्या चुलीवर ठेवून शेकत बसलो. माझी बदली गगनबावड्याला झाली तेव्हाची गोष्ट सांगतो. पावसाळा तोंडावर आलेला, बायकोला दमा. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे उशाशी ठेवलेली काड्यापेटी सकाळी पेटत नाही. मी मोठ्या साहेबांना भेटायला गेलो आणि "बरं साहेब" म्हणून परत आलो. याने माझा चेहरा पाहिला, हातातली पेन्सिल ठेवली आणि आत गेला. मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. आतून आवाज येत होता, "बाई श्वास घ्यायची थांबली तर तो श्वास कुठल्या फायलीत मागायचा?" आठवड्यात बदली रद्द झाली. मी आभार मानण्याऐवजी म्हणालो, "काम झालं, पण जरा हळू बोलला असतास तर…"

"हळू तू बोललावतास की," तो म्हणाला. "काय झालं त्याचं?"

कधी कधी मी त्याला डिवचायचो. तुझ्या घरी भिंतीवर बुद्ध, आणि तुझ्या नाकावर राग, हे कसं? तो खदखदून हसायचा. "बुद्धानं द्वेष करू नको म्हणून सांगितलंय, मर्दा. गप बस म्हणून न्हाय सांगितलं. तू दोन्ही एकच धरून बसलायस."

मला त्यावेळी ते चतुर उत्तर वाटलं. मी त्याचा विचार केला नाही.

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत आम्हा कर्मचाऱ्यांची घरबांधणी सोसायटी झाली. शहराबाहेर माळावर प्लॉट पडले. कुणाशी वाकडं नाही म्हणून मला सेक्रेटरी केलं. एक सभासद नोकरी सोडून पुण्याला गेला आणि माझ्या शेजारचा, कोपऱ्यावरचा प्लॉट मोकळा झाला. याने अर्ज केला. तोवर तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. कोल्हापुरात त्याने पाच-सहा घरं बदलली होती. प्रत्येक ठिकाणी घरमालक सुरुवातीला गोड बोलत, मग गाव विचारत, आडनाव पुन्हा एकदा विचारत, आणि मग त्यांचा कुणीतरी पुतण्या एकाएकी राहायला येणार असे. वहिनींना, म्हणजे त्याच्या पत्नीला, अंगणात कढीपत्त्याचं झाड हवं होतं. कुंडीतलं झाड त्यांनी प्रत्येक घरातून पुढच्या घरात नेलं होतं. अर्ज दिला त्या दिवशी त्याने मला प्लॉटवर नेलं आणि छत्रीच्या टोकाने मातीवर घराचा नकाशा काढला. इथं न्हाणी, इथं कट्टा, इथं झाड. "आणि हा दरवाजा तुझ्या घराकडं. रोज सकाळी तुला शिव्या घालायला लांब जायला नको."

सभेच्या आधी तिघं-चौघं माझ्या घरी चहाला आले. कोणी वाईट बोललं नाही. कप खाली ठेवत एक जण म्हणाले, "माणूस चांगला हाय हो. पण…" दुसरे म्हणाले, "रागीट हाय जरा." तिसरे म्हणाले, "कॉलनीत बायकांचं हळदीकुंकू असतंय, येणं-जाणं असतंय. त्यांनाच अवघड वाटायचं." एवढंच. नको तो शब्द कोणीही उच्चारला नाही. त्या "पण"मध्ये तो सगळा बसला होता, आणि मला तो स्वच्छ ऐकू आला. मी त्यांना आणखी बिस्किटं दिली.

त्याच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला. "रविवारी मी येतो सभेला. काय बोलायचं ते तोंडावर बोलू देत. मग बघतो."

त्याचा तो आवाज मला ठाऊक होता. तो आला असता तर त्या चौघांना बोलावं लागलं असतं, शब्द उच्चारावा लागला असता. आणि मला कुठल्या तरी एका बाजूला उभं राहावं लागलं असतं. मी म्हणालो, "येऊ नकोस. तू चिडलास की त्यांना आयतं कारण मिळेल. माझ्यावर सोड. शांतपणे करून देतो." आणि मग मी ते वाक्य बोललो, जे मला अजून मागे घेता आलेलं नाही. म्हणालो, "तुमच्यात राग जिंकायलाच सांगितलंय ना? एकदा जिंकून दाखव."

इतक्या वर्षांत मी त्याला "तुमच्यात" म्हणालो नव्हतो. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं. बोलावल्याशिवाय येत न्हाय. तुझ्यावर सोडलं."

रविवारी सभा झाली. चेअरमननी विचारलं, "कोपऱ्याच्या प्लॉटसाठी एक अर्ज होता ना, सेक्रेटरी?" सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. अर्ज माझ्या हातात होता. वाचला असता तर कुणाला तरी नाही म्हणावं लागलं असतं, आणि का, ते सांगावं लागलं असतं. कदाचित त्यांना ते जमलंही नसतं. कदाचित माझ्या एका चढ्या आवाजाने काम झालं असतं. मी म्हणालो, "अर्जदारानं माघार घेतली आहे." कुणी मला असं सांगायला लावलेलं नव्हतं. मी आपणहून, नेहमीच्या गोड आवाजात बोललो. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. प्लॉट चेअरमनच्या मेव्हण्याला गेला.

सोमवारी त्याला मी सांगितलं, मतदान झालं, थोडक्यात गेलं. "कोण काय बोललं?" त्याने विचारलं. "कोणी काही वाईट बोललं नाही," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

आता तो फुटेल म्हणून मी वाट पाहत होतो. पुढचे कित्येक दिवस त्याची छत्री दिसली की मी हाताला येईल ती फाईल उघडून तीत मान घालायचो. पण तो आला, छत्री अडकवली, नकाशा उलगडला. "चहा?" मी विचारलं. "तुम्ही घ्या," तो म्हणाला. मी दचकलो. माझ्यामागे कोणी साहेब उभे आहेत का, म्हणून वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

आणि मग तो खरोखरच शांत झाला. शेजारच्याच्या मिसळीत पाणी आलं तरी आपली वाटी संपवून उठायचा. बस पुढे जाऊन थांबली तर म्हाताऱ्यांच्या मागून चालत यायचा. आमच्या शिपायाची भर पावसाळ्यात, घरात बाळंतीण असताना, गगनबावड्याला बदली झाली. सगळ्यांनी सवयीने याच्याकडे पाहिलं, आणि याने पेन्सिलीला टोक काढलं. शिपाई गेला. कचेरी खूश होती. "माणूस लई सुधारला," म्हणायचे. एक-दोघांनी तर माझं अभिनंदन केलं, "तुमच्या संगतीचा परिणाम!" तसा तो होताच. कॉलनीत मात्र त्याच्या माघारीची कथा अशी रुजली की, रागाच्या भरात त्यानंच अर्ज फाडला म्हणे. मी ती कथा कधी दुरुस्त केली नाही. आज करतो आहे. अर्ज फाटला नव्हता, माघार कोणी घेतली नव्हती.

पुढे तो निवृत्त झाला आणि गावाकडे गेला. दोन-तीन वर्षं मी "जाऊन येऊ" म्हणत काढली. अखेर एका दिवाळीनंतर गेलो. भात कापणीला आलेलं. त्याने ओसरीत चटई टाकली. "या, पावणं," म्हणाला, "बसा." मी चहाचा कप तसाच धरून सगळं सांगितलं. मतदान झालंच नव्हतं, मीच खोटं बोललो. त्याने फुंकर मारून आपला चहा संपवला.

"म्हाईत हाय की. तिसऱ्याच दिवशी कळलंवतं."

"मग मला बोलला का नाहीस? दोन शिव्या तरी घालायच्या!"

"त्या दिवशी रागवायची पाळी तुमची हुती," तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं. पाऊसपाण्याचं बोलावं तसं.

मी रडायच्या बेतात होतो. तेव्हा दारात उभ्या असलेल्या वहिनी बोलल्या. मी ओळखत होतो तेवढ्या वर्षांत त्या माझ्याशी "चहा घ्या" यापलीकडे बोलल्या नव्हत्या. "भाऊजी, त्या रविवारी हे इस्तरीचा शर्ट घालून बसलेवते. सकाळपासनं. जेवा म्हणलं तर म्हणत्यात, आत्ता बोलावणं येईल, हात खरकटं नकोत. दिवस मावळला तरी शर्ट काढंनात."

"ऱ्हाऊ दे की आता. पावण्यास्नी कशाला सांगतीस?" तो म्हणाला. तिच्यावरही रागावला नाही.

गाडीची वेळ झाली तसा तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. बांधावरून पुढे-मागे चालत होतो, बोलण्यासारखं काही नव्हतं. गाडी आली. माझी पिशवी त्याने वर दिली आणि म्हणाला, "सावकाश जावा." मी खिडकीशी बसलो, काच पूर्ण उघडली. गाडी वळणाला लागेपर्यंत तो तिथेच उभा होता. मागून एखादी हाक येईल, एखादी शिवी येईल, निदान "मर्दा" तरी, म्हणून मी कान लावून बसलो होतो. पिकल्या भाताचा वास तेवढा आत आला.