वायरी ओढणाऱ्या मुलांची अरजी

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षरही वेडेवाकडे. चौथीनंतर शाळा सुटली ती कायमची. चुकले असेल तिथे सांभाळून घ्यावे.

मी पोलीस अधिकारी नव्हते. माझे मालक सुरत शहरात हवालदार होते. ते वारल्यावर मला उधन्याकडच्या एका ठाण्यात शिपाई म्हणून घेतले. पाणी देणे, झाडलोट, कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेणे, हे माझे काम. पण कागदावर नसलेले आणखी एक काम माझ्याकडे होते. नवागाम, दिंडोली भागातून खान्देशच्या बाया तक्रार घेऊन येत आणि घाबरल्या की अहिराणीशिवाय दुसरे काही बोलत नसत. ठाण्यातले सगळे गुजराती, मी एकटी खान्देशची. मग साहेब हाक मारत, "बेन, जरा आवो." मी बाईशेजारी बाकावर बसे, ती म्हणेल ते साहेबांना सांगे आणि साहेबांचे तिला. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते. पण दुसऱ्याचे बोलणे सांगायचे असले की वाटत नसे.

असे कितीतरी जबाब माझ्या तोंडून गेले आणि विसरूनही गेले. ती एक अरजी मात्र आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

ते नव्वद सालाच्या पुढचे दिवस. श्रावण लागला होता. सकाळी ठाणे अंमलदार डायरी उघडून बसले होते आणि मी माठ भरत होते. तेवढ्यात नवागामची एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली. मागे आणखी पाच-सहा आईबाप दारातच उभे राहिले. बाईच्या पदराला साड्यांचे रंगीत धागे चिकटले होते. त्यावरून मी ओळखले की ही घरी धागा कापायचे काम करते. कारखान्यातून साड्यांचे गठ्ठे आणायचे, भरतकामामागचे लोंबते धागे कातरायचे आणि नगावर पैसे घ्यायचे. तिचा नवरा यंत्रमागावर होता.

अंमलदारांनी विचारले, "पति का नाम?"

बाईने पदर तोंडाला लावला.

"अरे, पति का नाम बोलो."

ती माझ्या कानाशी म्हणाली, "अक्का, त्यास्नं नाव कसं लेऊ वं? तूच ले ना."

"माले काय माहीत तुना मालकनं नाव?" मी म्हणाले. शेवटी मुलीने हसू दाबत बापाचे नाव सांगितले आणि पेन पुढे सरकले.

तक्रार अशी होती. उधन्यात एकाने कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. तोही खान्देशचाच, नवागामात वाढलेला. पोरे त्याला सर म्हणत. त्याने आईबापांना सांगितले की एका सरकारी ऑफिसात सगळे कॉम्प्युटर वायरीने एकमेकांना जोडायचे आहेत, त्या कामावर क्लासची मुले ट्रेनिंगला घेणार आहेत. काम संपले की ऑफिसचे सर्टिफिकेट मिळेल. मात्र प्रत्येकी तीन हजार डिपॉझिट, ट्रेनिंग संपताच परत. लोकांनी दिले. कोणी भिशी उचलली, कोणी मागाच्या शेठकडून उचल घेतली. मुलांनी दोन-तीन महिने मन लावून काम केले. शिडीवर चढली, भिंतींना भोके पाडली, छतालगत वायरी ओढल्या, चिमट्याने त्यांची टोके दाबून बसवली. आणि एक दिवस क्लासला कुलूप. सर गायब. आईबाप ऑफिसात गेले तर तिथले अधिकारी म्हणाले, "कसले ट्रेनिंग? आम्ही त्याला ठेका दिला आहे. ही मुले म्हणजे त्याचे मजूर असतील, असे आम्हाला वाटले."

मी हे सगळे साहेबांना सांगितले. आमचे पी.आय. साहेब बोलायला कमी, ऐकायला जास्त. त्यांनी मुलीला विचारले, "तू क्या चाहती है? पैसा?"

मुलगी खाली बघून म्हणाली, "पैसा तो चाहिए. लेकिन सर्टिफिकेट भी चाहिए."

तिची आई मध्येच बोलली, "हिना बाप म्हणस, कागद भेटना नही तं पोरनं शिकनं बंद. उद्यापासून मनासंगे धागा कापाले बस."

तेवढ्यावर मला कळले की खरी तक्रार तीन हजारांची नाही.

साहेबांनी अरजी घेतली. आमच्याकडे साध्या तक्रारीच्या अर्जाला अरजी म्हणतात. गुन्हा नोंदवला की तिची फरियाद होते. अंमलदार म्हणाले, सरळ फरियाद घेऊ, फसवणुकीची कलमे लागतात. साहेब म्हणाले, "पहले आदमी मिलने दो. पैसा कोर्टात अडकला तर या लोकांच्या हातात तारखा येतील." साहेब चिडले की मराठी, हिंदी, गुजराती सगळे एकात येई.

माणूस मात्र सापडेना. त्याच्या घरी आई आणि थोरला भाऊ. भाऊ म्हणे, गावी असेल. गावी निरोप गेला, तर तिथेही नाही. आई दारातच उभी राहून सांगे, "माले माहीत नही," आणि दार लावून घेई. असे काही दिवस गेले. चौकशीला येणारे आईबाप कमी होत गेले. त्यांचा रोज बुडत होता.

नागपंचमी झाली आणि ती धागा कापणारी बाई एकटी ठाण्यात आली. साहेबांकडे गेली नाही. माझ्यापाशी माठाजवळ बसली. पदरावरचे धागे एकेक करून काढू लागली. मग म्हणाली, "अक्का, सांगू का नको, असं व्हई ऱ्हायनं."

"सांग ना."

"काल चक्कीवर त्यानी माय उनी होती. रोटनं दळण लिसन."

वाचणाऱ्याला हे सांगितले पाहिजे. श्रावणात आमच्या खान्देशी घरांत कानबाई देवी बसते. रविवारी मांडायची, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून दळतात. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही आणि उरवायचा नाही.

चक्कीवर बाया होत्याच. त्यातली एक सरच्या आईला पळालेल्या मुलावरून टोचून बोलली, "तुना पोऱ्या तं पयी ग्या ना वं? मंग त्याना नावनी मूठ कसाले टाकी?"

म्हातारीला ते लागले. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "पयी ग्या तरी मना कुयना शे. रोट खावाले येईच. कानबाईले नही चुकस तो." म्हणजे पळाला तरी माझ्या कुळाचा आहे, रोट खायला येईलच.

दुसऱ्या कोणाही आईने त्या वेळी तोंड मिटून घेतले असते. पण मुलगा रोटाला येणार नाही असे चारचौघींत ऐकून घेणे आमच्या बायांच्याने होत नाही.

"आता तूच सांग," ती बाई मला म्हणाली, "मना घर बी कानबाई बसस. देवना दिवस माणूस धराडी देऊ?"

मी साहेबांकडे गेले आणि होते तसे सांगितले. हेही सांगितले की त्या दिवशी घरात शिरून त्याला उचलले तर वस्तीतला कोणी पुन्हा ठाण्यात काही सांगायला येणार नाही, आणि अरजी करणारी ही बाई स्वतःला माफ करणार नाही. एवढे मी स्वतःचे म्हणून कधी बोलले नव्हते.

साहेबांनी विचारले, "जमे क्यारे?" म्हणजे जेवतात कधी.

"त्यांच्या घरी विसर्जन करून आले की."

"तो फिर सोमवार. खाना खाने के बाद."

सोमवारी साहेब साध्या कपड्यांत आले. बरोबर एक हवालदार आणि मी. गल्लीत सगळीकडे पिपाण्या, हलगी, बायांच्या डोक्यावर कानबाई. तो खरेच आला होता. दाढी वाढलेली, भावाच्या मागे मान खाली घालून चालत होता. मिरवणूक नदीकडे गेली तेव्हा हवालदार म्हणाला, "साहेब, तिथून निसटला तर?"

साहेब म्हणाले, "रोट खाये बिना नहीं जायेगा. बेन ने बोला है."

ऊन चांगले चढले होते. मला वाटले, नाही आला तर माझी नोकरी राहील, पण साहेबांसमोर तोंड राहणार नाही. मंडळी परत आली. तोही आला. घरात पंगत बसलेली आम्हाला दारातून दिसत होती. त्यानेही आम्हाला पाहिले. हातातला घास थांबला. हवालदार पुढे झाला तसे साहेबांनी त्याला मागे ओढले. "जमवा दो एने." म्हणजे जेवू दे त्याला.

तो सगळा वाटा जेवला. हात धुतले, आईच्या पाया पडला आणि बाहेर येऊन म्हणाला, "चला साहेब."

म्हातारी माझ्या अंगावर आली. "कानबाईना दिवस बी सोडा नही वं तुम्हीन!"

मी म्हणाले, "माय, जेवाले दिधं ना त्याले." ती दारातून बाजूला झाली. तिने मला शिवीही दिली नाही.

साहेबांची एक पद्धत होती. माणसाला गुन्ह्याबद्दल आधी विचारायचे नाही, धंद्याबद्दल विचारायचे. ठाण्यात त्याला चहा दिला आणि म्हणाले, "हे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते कसे, मला समजाव." तो आधी चाचरला. मग कागद घेऊन आकृती काढू लागला. इथे खालचा मजला, इथे वरचा, ही मुख्य वायर, ही पेटी, तिच्यातून प्रत्येक टेबलाला एक फाटा. पाच मिनिटांत तो आपण कुठे बसलो आहोत हे विसरला. साहेबांनी वरच्या मजल्यावर बोट ठेवले. "इथे फाटे का नाहीत?"

त्याने पेन खाली ठेवले.

तिथून पुढे त्याने स्वतःच सांगितले. ठेका घेतला तेव्हा त्याच्याकडे भांडवल नव्हते. सामान उधारीवर आणले. व्यापाऱ्याने तगादा लावला म्हणून मुलांकडून डिपॉझिट घेतले आणि ते वायरीत, पेट्यांत गेले. मजूर परवडत नव्हते म्हणून मुलांना ट्रेनिंग सांगितले आणि ऑफिसला मुले मजूर म्हणून दाखवली. शेवटी सामान कमी पडले, वरचा मजला अर्धा राहिला. ऑफिस म्हणाले, सगळे चालू झाल्याशिवाय बिल नाही. आईबाप दारात येऊ लागले आणि हा पळाला.

"पैसा कहाँ है?"

"भिंतींवर आहे साहेब. त्यांच्याच पोरांनी लावला."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी आईबापांना आणि मुलांना बोलावले. मुले त्याच्याकडे बघेनात. साहेबांनी विचारले, राहिलेले काम तुम्हाला येते का? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ती मुलगी उठली. तिचा आवाज लहान होता, पण ठाम.

"येतं. सामान मिळालं तर आठ-दहा दिवसांत होईल. पण आम्ही यांचे मजूर म्हणून नाही करणार. ट्रेनिंगचा कागद ऑफिसचा पाहिजे, ऑफिसच्या शिक्क्याचा. आणि तो आधी पाहिजे."

तिची आई तिला खाली ओढत होती, "बस वं, साहेबसमोर काय बोलस!" साहेब हसले. मी त्यांना ठाण्यात हसताना फार थोड्या वेळा पाहिले.

साहेब स्वतः त्या ऑफिसात गेले. मुली बरोबर होत्या म्हणून मलाही नेले. तिथले मोठे अधिकारी म्हणाले, ट्रेनिंगची आमच्याकडे मंजुरीच नाही, नियमात बसत नाही.

साहेब शांतपणे म्हणाले, "तीन महिने ये बच्चे आपकी दीवारें खोदते रहे. किसीने पूछा नहीं ये कौन हैं, कितने साल के हैं. अब अरजी की फरियाद बनेगी, तो सबसे पहला जवाब आपका लिखूंगा."

अधिकारी पाणी प्यायले. दोन दिवसांनी मंजुरीचे पत्र आले, मुलांची नावे घालून. राहिलेल्या सामानासाठी त्या सरच्या थोरल्या भावाने आपली स्कूटर विकली.

काम पुरे झाले त्या दिवशी साहेबांनी मला मुद्दाम पाठवले. त्या मुलीने खालच्या मजल्यावर बसून सगळ्या मुलांची नावे टाइप केली आणि एक बटण दाबले. वरून कोणीतरी ओरडले, "आलं! आलं!" सगळी पोरे जिन्याने धावली. मी हळूहळू चढून गेले. वरच्या प्रिंटरमधून करकर करत कागद बाहेर येत होता आणि ती त्यावरची नावे मोठ्याने वाचत होती. तिथला म्हातारा शिपाई मला म्हणाला, "बेन, आता आपली पायपीट वाचली. कागद आपणहून जिना चढतो."

सर्टिफिकेट मिळाले. मुलीचा बाप ते घेऊन मागावर सगळ्यांना दाखवून आला, असे तिची आई सांगत होती. मुलीला पुढे त्याच ऑफिसजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचे काम लागले.

या केसने मला एक शिकवले. मी ठाण्यात बसून समजत होते की पळणारा माणूस दुसऱ्याचा पैसा घेऊन पळतो. काही जण रिकाम्या हातानेही पळतात, फक्त तोंड लपवायला. अशा माणसाला पकडण्यापेक्षा परत यायला जागा ठेवावी लागते. साहेबांनी ती ठेवली. पण म्हणून त्याचे खोटे लहान झाले नाही, आणि साहेबांनी ते त्याला कधी विसरूही दिले नाही.

पैशाचे मात्र लांबले. बिल तुकड्यातुकड्याने निघाले. व्यापाऱ्याने आपले आधी कापून घेतले. पहिला तुकडा आला तेव्हा साहेबांसमोर सगळ्यांना हजार हजार मिळाले. पुढचा यायच्या आत साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी अरजी वाचली, समाधान झाले असे लिहून निकाली काढली. आईबापांनी ओळखले की राहिलेले पैसे गेले. मीही तेच धरून चालले होते. कारण आता त्याला बोलावणारे कोणी नव्हते.

दिवाळीच्या आधी तो ठाण्यात आला. दाढी केलेली, हातात कापडी पिशवी. माझ्याकडेच आला. "मावशी, राहिलेलं बिल निघालं. ते बाकावर बसायचे ना आईबाप, त्यांना बोलवता का? मी वस्तीत गेलो तर माझ्या हातून घेतील की नाही, माहीत नाही."

मी निरोप पाठवला. ठाण्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली तो बसला आणि एकेकाचे राहिलेले दोन हजार मोजून देत गेला. कोणी बोलले, कोणी न बोलता घेऊन गेले. धागा कापणारी बाई सगळ्यात शेवटी आली. तिने नोटा घेतल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि कमरेला खोचल्या.

"पुरा शेतस," ती म्हणाली. "आते जाय घर."