धरणाला ओहोटी नसते

आमच्या घरात कागदावर सही करणारा पहिला माणूस मी. माझ्या आधीच्या सगळ्यांनी अंगठे उठवले आणि जन्मभर मेंढरं राखली. मी भूगोल घेऊन बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी, म्हणजे दादांनी, पार चकलांब्याच्या पाहुण्यांपर्यंत पेढे धाडले. नेणाऱ्याला बजावलं, "नुस्तं पास झाला म्हणू नको. ग्रॅज्वेट झाला म्हण." मला त्याचा गर्व होता. अजून आहे. पण एकदा सही येते म्हटल्यावर लोक आपल्याकडून कशाकशावर सह्या करून घेतात, हे काही कॉलेजात शिकवत नाहीत.

धरणाकाठच्या आमच्या सहकारी संस्थेचा मी सचिव झालो. संस्था मूळची मासेमारीची. दुष्काळाचं दुसरं वर्ष सरता सरता मासे संपले, पण संचालक मंडळ शिल्लक होतं, आणि मंडळाला काहीतरी काम हवं होतं. अशात चेअरमनसाहेब अभ्यासदौऱ्यावर गोव्याला जाऊन आले. कशाचा अभ्यास केला हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. पण तिथल्या समुद्रावर त्यांनी एक शिडाची नौका पाहिली आणि आल्या आल्या मीटिंग लावली.

"जलपर्यटन!" ते म्हणाले. "पुण्या-नगरचे लोक येतील, बसतील, फिरतील. आन् डिझेलचा खर्च न्हाई, वाऱ्यावर चालती ती. पावसाचं सोडा, पण वारं आपल्याला कधी कमी पडलंय का?"

हे मात्र खरं होतं. त्या दोन वर्षांत आमच्या भागात वारा आणि पुढारी यांशिवाय दुसरं काही आलंच नव्हतं.

नौका निवडायला तिघांची समिती नेमली. एक चेअरमनसाहेब. दुसरे व्हाईस चेअरमन, कारण बैल पारखण्यात त्यांचा हात आष्टीच्या बाजारापर्यंत कुणी धरत नसे. तिसरा मी, कारण रिपोर्टाखाली शिकलेल्या माणसाची सही लागते.

निघालो त्या सकाळी दादा धरणाच्या गाळपेरात मेंढरं चारत होते. पाणी मागं हटलं की जी गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यावर थोडंफार हिरवं उगवतं. गावातल्या जनावरांचा सगळा भार तेव्हा त्यावरच होता.

"कुठं निघालास?"

"नौका निवडायला."

"घालणार कोणत्या पाण्यात?"

"याच धरणात."

त्यांनी धरणाकडे पाहिलं, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे. "मला काय कळतंय त्यातलं. पण जनावर घेताना मी आदी आपलं रान बघतो, मग जनावर."

मी हसलो. बी.ए. झालेला माणूस अंगठेबहाद्दर बापाकडे पाहून हसतो, तसंच. ते हसू आठवलं की आजही चहा कडू लागतो.

कोकणातल्या एका खाडीकाठी नौका बांधण्याचा कारखाना होता. मालक म्हातारा, हातावर रंगाचे डाग, बोलणं हळू. त्यानं तीन नौका दाखवल्या. पहिली रुंद, गुबगुबीत, आत सोफा, फ्रीज, आरसे. चेअरमनसाहेब आत जाऊन बसले ते उठायला तयार नाहीत. दुसरी शर्यतीची, काठीसारखी बारीक, आत बसायला फळकूटसुद्धा नाही. तिसरी या दोघींच्या मधली. वेगानं पळणारी, तरी चार माणसं महिनाभर राहतील, स्वयंपाक करतील अशी.

"नौका निवडताना आधी गादी बघू नका," म्हातारा म्हणाला. त्यानं लाकडी हातोडी घेतली आणि तिसरीचं अंग ठोकत निघाला. टण, टण, टण. कुठंही आवाज बसत नव्हता. मग पहिलीवर ठोकलं. दोन ठिकाणी भद्द वाजलं. "इथं थर सुटलेत. सोफा छान आहे, पण." मग डोलकाठीचा भार खाली कुठं उतरतो ते दाखवलं, सुकाणू दाखवलं, आणि बुडाखाली लटकणारं शिशाचं जड पातं कवचाला कसल्या जाडजूड बोल्टांनी धरलंय तेही दाखवलं. ते पातं वाऱ्याच्या जोरात नौकेला उलटू देत नाही. ते चांगलं माझ्या उंचीहून खोल होतं. माणूस आपल्या कामाबद्दल इतकं सरळ बोलतो, हे सहकारात राहून मी विसरलोच होतो.

व्हाईस चेअरमन तिसरीभोवती तीनदा फिरले. खाली वाकले, पात्यावर थाप मारली. "खालून लई भक्कम हाय. हीच घ्या." मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, म्हाताऱ्याच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असा चारचौघांना न कळता ठरतो. म्हातारा दचकून माझ्याकडे पाहू लागला. "यांना बरं वाटत नाही का?"

सौदा शेवटी तोंडानं झाला. सही करण्याआधी म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. "तुमच्याकडे पाणी किती खोल?"

मी धरणाच्या माहितीपुस्तकातली खोली पाठ केली होती. घडाघडा सांगितली. धरण तुडुंब भरल्यावरची.

"नाही, सगळ्यात कमी असतं तेव्हा?"

इथं 'ठाऊक नाही' म्हणायचं होतं. दोन शब्द. पण चेअरमन मागं येऊन ऐकत होते आणि मी भूगोलाचा पदवीधर होतो. मी म्हणालो, "तेवढंच. खाडी नव्हे ती, काका. धरणाला ओहोटी नसते."

"मग बरं," तो म्हणाला. "नाहीतर हीच आखूड पात्याची करून देतो. वेग थोडा कमी, पण कमी पाण्यात चालेल."

"आखूड?" चेअरमनसाहेब गरजले. "आपून का म्हून आखूड घ्यायची?"

'सर्वतोपरी योग्य' असा शेरा मारून मी खाली सही केली. पूर्ण नावाची, पदवीसकट.

नौका आली ती साखर कारखान्याच्या लांब ट्रेलरवर. धरणाकाठी मांडव, हलगी, नारळ. चेअरमन, व्हाईस चेअरमन आणि फोटोग्राफर असे तिघं फेटे बांधून वर चढले. क्रेननं नौका पाण्यात सोडली आणि ती तिथंच थांबली. हलली नाही, डुलली नाही, खांबासारखी उभी. पातं गाळात रुतलं होतं. शीड उघडल्यावर आमचा तो फुकटचा वारा आला. नौका पुढं जाण्याऐवजी शांतपणे कलायला लागली, आणि फेटे एकेक करून पाण्यात पडले. पाठोपाठ चेअरमनसाहेब. ते उभे राहिले तर पाणी त्यांच्या जेमतेम गुडघ्यापर्यंत होतं. शेजारून कुणाच्या तरी म्हशी चालत पुढं गेल्या.

"आवं, म्हशीनं वव्हरटेक केलं!" काठावरून कोणीतरी ओरडलं.

आठ दिवसांनी वार्षिक सभा होती. आदल्या दिवशी चेअरमननी मला बोलावलं. "ओ ग्रॅज्वेट, ठराव लिहा. बोटवाल्यानं फसवलं, खोलीची कल्पना दिली न्हाई. त्याचं नाव सगळ्या संस्थांना कळवायचं."

"त्यानं दोनदा विचारलं होतं, साहेब."

"सांगितलं कोणी?"

"मी."

"मग तुमालाच वाचवायलोय ना! घाला सही."

विचार करायला मला एक रात्र मिळाली. म्हाताऱ्याची हातोडी कानात वाजत होती. ठोकल्यावर माझा आवाज कसा येतोय, तेवढाच प्रश्न होता.

आमच्या सभेचा एक रिवाज आहे. सचिव विषय वाचायला लागला की पहिल्या वाक्यालाच सभासद 'मंजूर, मंजूर' ओरडतात, कारण मागं जिलेबी तळत असते. मी उभा राहिलो. साहेबांच्या सांगण्यावरून लिहिलेला कागद खिशात ठेवला आणि दुसरा काढला. "विषय सात. नौकेची निवड चुकली, त्यात बांधणाऱ्याचा दोष नाही. पाण्याची खोली सचिवानं, म्हणजे मी, चुकीची..."

"मंजूर! मंजूर!"

चेअरमनसाहेब अर्धवट उठले, तोंड उघडं. पण एकमतानं मंजूर झालेला ठराव उलटवायचीही आमच्याकडे पद्धत नाही. ते खाली बसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्याच लागल्या. त्या गर्दीत मी काय कबूल केलं ते सभासदांपैकी कुणाच्या कानावरही गेलं नाही, असं मला वाटलं. माझी जागी रात्र फुकटच गेली.

जिलेबीच्या रांगेत न जाता एकच सभासद टेबलाजवळ आला. दादा.

"खोली तू सांगितलीस व्हय?"

"हो."

"मला इचारायचं न्हाई का? ज्या जाग्यावर तुमची ती नाव बसली, तिथनंच आदल्या दिशी मेंढरं घेऊन पल्याड गेलतो मी. त्यांची पोटंबी भिजली न्हाईत."

ठरावाखाली सूचक म्हणून माझी सही होती. अनुमोदकाची जागा रिकामी होती, कारण अनुमोदन द्यायला ठराव ऐकावा लागतो.

दादांनी शाईचा डबा पुढं ओढला. "हितं लागतो ना एक?" आणि माझ्या पदवीसकट केलेल्या सहीखाली अंगठा दाबला. मग तो माझ्या इस्त्रीच्या बाहीला पुसून जिलेबीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.