मागच्या बाई

मांजरसुंब्याच्या चौकात गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. इतकी वर्षं जातोय, पण त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बॉनेट उघडण्याआधी ते गाडीवर तळहात ठेवून क्षणभर उभे राहतात आणि मग आतल्या सगळ्यांना खाली उतरवतात. "वायर पेटली तं दार उघडत न्हाई," एवढंच सांगतात. ते सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली जातो.

परवा भर दुपारी माझी गाडी त्याच चौकातल्या ढाब्यासमोर अडली. किल्ली फिरवली की नुसता टक् आवाज यायचा आणि दिवे मंदावायचे. मिस्त्री आले. बॉनेटवर तळहात ठेवला, मागच्या काचेतून आत पाहिलं आणि म्हणाले, "मागच्या बाईंना उतरवा की."

"मिस्त्री, मी एकटाच हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मागचं दार उघडून ते अदबीनं बाजूला सरकले, जरा थांबले आणि दार लावून घेतलं. मग बॅटरीची गंजलेली अर्थिंगची वायर सोडवून घासली, पुन्हा घट्ट आवळली. गाडी लगेच सुरू झाली.

मी खिशातून पैसे काढून पुढे केले.

"जावा तुमी," ते म्हणाले. "त्या ऱ्हातील हितंच."

निघताना आरशात पाहिलं. मिस्त्रींनी एक स्टूल सावलीत सरकवलं होतं आणि त्या रिकाम्या स्टुलासमोर पाण्याचा ग्लास धरून ते मान खाली घालून उभे होते.