यल्ला काकूंचं सीमोल्लंघन

यल्ला काकू सायकल चालवायला चाळिशी उलटल्यावर शिकल्या आणि थांबवायला शेवटपर्यंत शिकल्या नाहीत. थांबायचं असलं की त्या काहीतरी धरायच्या. विजेचा खांब, पार्क केलेली गाडी, नाहीतर आमच्यापैकी कोणीतरी. एकदा इथे आखातात, अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगखाली त्यांनी वॉचमनची खुर्ची धरली. खुर्चीत वॉचमन होता. दोघं मिळून कचऱ्याच्या पेटीपर्यंत गेले. "काकू, ब्रेक असतो हो सायकलला!" मी वरून, गॅलरीतून ओरडले. "असेल गं," त्या खालून म्हणाल्या, "पण तो दाबला की सायकल थांबते आणि मी पुढे जाते."

मूळच्या त्या मिरजेच्या, लग्नाआधी तिथल्याच शाळेत शिकवणाऱ्या. काका हमरियाच्या एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. मुलगा पुण्याला कॉलेजात गेला आणि त्याच आठवड्यात काकूंनी त्याची धूळ खात पडलेली गिअरची सायकल काढली. ओढणी कमरेला करकचून बांधायची, डोक्यावर मुलाचंच हेल्मेट, आणि हँडलवर चार-पाच जादा टिकल्या चिकटवलेल्या, कारण घामाने कपाळावरची कधी पडेल याचा नेम नाही. अरबी त्यांना एकच शब्द येत होता, यल्ला, म्हणजे चल, आटप; पण तो त्यांनी पार झिजवून टाकला होता. कुकरची शिट्टी होईना, यल्ला! लिफ्ट येईना, यल्ला! काकांनी चहा संपवला नाही, यल्ला! काका वैतागायचे. "अगं, उंट हाकतेस का संसार करतेस?"

शुक्रवारी सुट्टी. पहाटे काका जुन्या फोर-व्हीलच्या टपावर सायकली बांधायचे आणि आम्ही मलेहाच्या वाळवंटाकडे निघायचो. काकू, मी आणि सावंत. सावंत कणकवलीचा, साइटवर सुपरवायझर, आठवडाभर उन्हात भाजून निघाल्यावर सुट्टीच्या दिवशी परत उन्हातच यायचा. विचारलं तर म्हणायचा, "तिकडे कंपनीचं ऊन असतं, हे माझं स्वतःचं." ग्रॅव्हल बाइक वगैरे शब्द तेव्हा आमच्या कानावर नव्हता. आम्ही आपलं 'खडीवर जाऊया' म्हणायचो. मैलोन्‌मैल खडी, तिच्यामागे चुनखडीच्या पांढऱ्याफेक टेकड्या, आणि त्यातून वर खिंडीपर्यंत चढणारा एक कच्चा रस्ता. तिथून परत आलो की आमच्या कपड्यांवर पांढरी पूड बसलेली असायची. काकू ती झटकायच्याच नाहीत. "फळा पुसून आल्यासारखं वाटतं गं," म्हणायच्या. त्या रस्त्याला 'खडूचा चढ' हे नाव त्यांनीच दिलं.

चढाच्या पलीकडे जुनीपुराणी झाडं होती, वाळूत एकमेकांना धरून उभी. इथले लोक त्यांना घाफ म्हणतात. पहिल्यांदा आम्ही सायकली ढकलत खिंडीपलीकडे उतरलो, तेव्हा काकूंनी एक डहाळी हातात घेऊन पाहिली, बोटाला काटा टोचून घेतला आणि किंचाळल्याच. "अगं, ही तर शमी!" तिथल्या तिथे हेल्मेट काढून नमस्कार. "पांडवांनी शस्त्रं ठेवली होती हिच्यावर. आपण सायकली ठेवू!" ठेवल्या. तासाभराने उचलल्या तेव्हा तीन टायर बसले होते. "काकू, तुमच्या देवीने ट्यूब खाल्ल्या की हो!" सावंत पंक्चर काढता काढता रडवेला झाला. "नैवेद्य समज," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून आमचा दसरा तिथे. पंचांगात कुठल्याही वारी असो, आखातात सण शुक्रवारीच येतो. काकू झाडाखाली गळून पडलेला पालाच वेचायच्या, फांदीला हात लावू द्यायच्या नाहीत. "झाड त्यांचं, पाला वाऱ्याचा." आपट्याच्या पानाऐवजी तीच इवलीशी डहाळी. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!

पण काकूंच्या मनाचं समाधान होत नसे. सीमोल्लंघन म्हणजे सीमा ओलांडायची, आणि आमची सीमा म्हणजे ती खिंड. दरवर्षी तिसऱ्या वळणावर काकूंचा दम संपायचा आणि पाय जमिनीला टेकायचा. मग ढकलत वर. "ढकलत गेलं की ते सीमोल्लंघन नव्हे, ती वरात," त्या धुसफुसायच्या. मी इथेच वाढलेली. धाप लागली की इंग्रजीत फुटायचे, "काकू, इट्स टू स्टीप!" तर म्हणायच्या, "मराठीत दम कमी लागतो." आणि या सगळ्याच्या मागे काकांची गाडी, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत. खिडकीतून काकांचं एकच पालुपद, "बस आत. एसी चालू आहे." काकूंचे गुडघे दुखतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे याचाच काकूंना राग यायचा.

मग काकांची रिटायरमेंट आली. व्हिसा कॅन्सल, दिवाळीआधी मिरज. खलास. काकूंनी डबे-भांडी वाटली, पडदे वाटले, पण सायकलला कोणाला हात लावू देईनात. "एक चढ राहिलाय माझा," एवढंच म्हणायच्या. तो दसरा शेवटचा. पाय टेकला तर पुढचं वर्ष नव्हतं.

त्या दिवशी त्या बोलल्याच नाहीत. काकू आणि गप्प! मला भीतीच वाटली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर त्यांची सायकल नागमोडी जाऊ लागली. सावंत आणि मी मागोमाग. तेवढ्यात काकांना काय सुचलं देव जाणे, वरून फोटो काढायचा म्हणून त्यांनी बाजूने गाडी पुढे घातली आणि ती भुसभुशीत पुडीत रुतली. चाकं नुसती गरगर. काकूंनी मान वळवली. "अहो, काय झालं?" वेग गेला, पाय पेडलवरून सुटायला आला.

काकांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. तोंड पांढरं, चष्मा पांढरा. आणि आयुष्यात कधी न काढलेल्या आवाजात ओरडले, "माझ्याकडे काय बघतेस? पुढे बघ! यल्ला! अगं यल्ला, यल्ला!"

काय अंगात आलं त्या बाईच्या! ओढणी सुटलेली, टिकली गायब, पण काकू गेल्या. गेल्या त्या थेट खिंडीत गेल्या. आम्ही तिघं वेड्यासारखे नाचलो. सावंतने शिट्ट्या मारल्या. मी रडत होते, हसत होते, काय करत होते मलाच कळत नव्हतं. काकू पलीकडे दिसेनाशा झाल्या आणि थोड्या वेळाने परत खिंडीत उगवल्या. आता मात्र उतार होता. "काकू, ब्रेक!" आम्ही दोघं एकदम.

ब्रेक कसला! "बाजूलाऽऽ व्हाऽऽ" करत त्या पांढऱ्या धुरळ्यातून सुसाट खाली आल्या, रुतलेल्या गाडीचा आरसा धरला आणि थांबल्या. आरसा हातात आला. दुसऱ्या हाताच्या मुठीत डहाळी होती. "घ्या," त्या धापा टाकत म्हणाल्या, "सोनं घ्या." काकांनी ती घेतली. म्हणाले, "आरसा नवा घ्यावा लागेल." आणि चष्मा काढून पुसत बसले.

सायकल काकूंनी मला दिली, हँडलवरच्या टिकल्यांसकट. पोचल्याचा फोन मिरजेहून आला. काकांनी ती डहाळी पासपोर्टात ठेवली होती आणि एअरपोर्टवर, इमिग्रेशनला, पासपोर्ट उघडताच ती नेमकी काउंटरवर पडली. "मी म्हटलं, झालं आता! काउंटरमागे अरब पोरगा होता गं, आपल्या मुलाच्या वयाचा. त्याने उचलली, वास घेतला, म्हणाला, 'घाफ?' आणि हे घाबरून म्हणतात कसे, 'गोल्ड! गोल्ड!'"

काकू फोनवर खो खो हसत सुटल्या. मीही.

"मग?"

"मग काय. तोही हसला. डहाळी परत पानात नीट ठेवली, शिक्का मारला आणि मला म्हणाला, 'यल्ला, मामा.' मामा म्हणजे त्यांच्यात आई गं." काकूंचं हसू थांबलं. "ह्यांनी म्हटलं तेव्हा चढले की नाही चढ? पण ते पोरगं म्हणालं ना... तिथे माझा पाय टेकला गं."