शिवबाईची कडक भाकरी

राबण्यात शिवबाईचा हात धरणारं सोलापुरात कुणी नव्हतं. नवरा वारल्यावर तिनं घरातच गिरणी कामगारांची खाणावळ काढली होती. पहाटे सडा, ऐसपैस रांगोळी, लखलखीत घासलेले तांबे, दोन भाज्या, आमटी, तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या, आणि पानात पडेल ती भाकरी तव्यावरचीच, असा तिचा बाणा.

गिरणीच्या भोंग्याला मात्र या बाण्याचं काडीचं कौतुक नव्हतं. तो वाजला की पुढच्या भाकरीची वाट पाहणारी माणसं अर्धपोटीच उठून फाटकाकडं पळत. उशीर झाला की खाडा. शिवबाईला वाईट वाटे. मग ती आणखी लवकर उठे, आणि लवकर उठून आणखी एक चटणी वाटे.

शेवटी कापड विणायच्या साच्यावर काम करणाऱ्या मल्लप्पानं तोंड उघडलं. "अक्का, रागावू नगा. उद्या सकाळचं जेवतो, मंग आमी समदी दुसरीकडं बगतो."

"माज्या जेवणात काय कमी हाय?"

"कमी न्हाय, लई हाय. पण पोटात जात न्हाय की."

ही माणसं गेली तर चूल कुणासाठी पेटवायची? उष्टी काढताना तिनं पहिल्यांदाच पानांकडं नीट पाहिलं. चटण्या तशाच, भाज्या तशाच. भाकरीचा मात्र तुकडा उरला नव्हता.

कडक भाकरी तिला सुरेख जमायची, पण ती प्रवासाची शिदोरी. घरात बसलेल्या माणसाला वाढणं तिला कमीपणाचं वाटे. त्या दुपारी तिनं अभिमान गिळला, पातळ भाकऱ्या थापल्या आणि चुलीच्या धगीवर पापडासारख्या वाळवून ठेवल्या.

सकाळी तिनं फक्त आमटी उकळली. माणसं आली, कडक भाकरी कुस्करून आमटीत भिजवली आणि भुरके मारत जेवली. हात धुऊन झाले तरी भोंगा वाजेना. रिकाम्या वेळेचं काय करावं हेच कुणाला कळेना.

मल्लप्पानं अंगणात पाहिलं. "अक्का, आज रांगोळी न्हाय?"

"रांगोळी कुटं पळून जाती? पळता तुमी." मग तिनं भीतभीत विचारलं, "उद्यापास्नं कुटं जेवनार?"

"हितंच की," मल्लप्पा म्हणाला आणि पान चघळत रमतगमत गिरणीकडं निघाला.

माणसं गेल्यावर शिवबाईनं सावकाश रांगोळी काढली. मग तव्यावर एकच भाकरी टाकली आणि कितीतरी वर्षांनी स्वतः गरम गरम खाल्ली.